हेडफोनवर स्वच्छ, स्पीकरवर घूंऽऽ : घरच्या स्टुडिओची जोडणी

प्रश्न थोडक्यात असा : 10 बाय 11 फुटांची खोली. दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणारा डबा), लॅपटॉप, दोन पाच इंची अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर (आतच अँप्लिफायर असलेले स्टुडिओचे स्पीकर), एक कंडेन्सर माइक, इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि कीबोर्ड. गाणं आणि हार्मोनियम रेकॉर्ड करायची आहे. सगळं जोडलं, पण मॉनिटरमधून सतत घूंऽऽ येतो. हेडफोन लावला की मात्र काहीच नाही. दुकानदार म्हणाला, महागातली केबल घ्या, जाईल. शिवाय वडिलांचा जुना अँप्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर घरात पडून आहेत, ते वापरता येतील का, हेही विचारलंय.

केबल लगेच घेऊ नका. तुम्ही प्रश्नातच एक फार मोलाची गोष्ट सांगितली आहे : हेडफोनवर आवाज स्वच्छ आहे. म्हणजे माइकपासून इंटरफेसपर्यंत सगळं ठीक आहे. हेडफोन फक्त इंटरफेसला लटकलेला असतो, त्याला स्वतःचा प्लग नाही, अर्थिंग नाही. मॉनिटरला ते आहे. तेव्हा बिघाड दोन यंत्रांच्या सांध्यात आहे. गेली 22 वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन असे स्टुडिओ लावून देतो आहे, आणि यंत्रच खराब निघालं असं फार कमी वेळा झालं. जवळजवळ दर वेळी सांधाच चुकलेला असतो.

आधी कानाने आवाज ओळखा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून तिचा घूं 50 वर आणि त्याच्या पटीत, 100 आणि 150 वर ऐकू येतो. खालच्या सप्तकातली पांढरी पाच (हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी) 98 हर्ट्झवर येते, म्हणजे 100 चा घूं तिच्या किंचित वर. तुमचा षड्ज पांढरी पाच असेल तर हा घूं खर्जाला सतत घासत राहणार, आणि तानपुरा कितीही सुरात लावला तरी काहीतरी लागत नाही असं वाटत राहणार. मी अशा खोलीत एका गायकाला अर्धा तास तानपुरा जुळवताना पाहिलं आहे. आवाज घूं नसून किर्रर असेल, आणि माउस हलवला की बदलत असेल, तर तो लॅपटॉप किंवा त्याच्या चार्जरकडून येतोय. आणि नुसता सूंऽऽ, वाऱ्यासारखा असेल तर लेव्हलची, म्हणजे सिग्नल किती जोराचा द्यायचा याची, गडबड. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हे आधी ठरवायचं.

आता शोध. मॉनिटरच्या पाठीवरच्या केबल काढा आणि मॉनिटर नुसते चालू ठेवा. शांत आहेत? मग मॉनिटर निर्दोष. दर वेळी मॉनिटर बंद करून एकेक गोष्ट जोडायची आणि पुन्हा चालू करून ऐकायचं. पहिल्यांदा केबल फक्त इंटरफेसला, यूएसबी काढलेली. मग यूएसबी लावा, पण लॅपटॉप बॅटरीवर. मग चार्जर लावा. मग तानपुऱ्याचा अडॅप्टर, शेवटी कीबोर्ड. ज्या पायरीला घूं सुरू होईल तिथे थांबा. हे पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि याच्याआधी केलेली कुठलीही खरेदी म्हणजे अंधारात मारलेला दगड.

बहुतेक घरांत घूं चार्जरच्या पायरीला सुरू होतो. कारण असं : मॉनिटर तीन पिनांच्या प्लगने एका बोर्डातून अर्थला जोडलेला, चार्जर किंवा कीबोर्ड दुसऱ्या भिंतीवरच्या बोर्डातून. या दोन अर्थच्या टोकांमध्ये थोडासा विद्युतदाबाचा फरक असतो. तुम्ही ऑडिओ केबल लावली की तिच्या बाहेरच्या जाळीतून ही दोन टोकं जोडली जातात आणि त्या जाळीतून 50 हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. तुम्हाला ऐकू येतोय तो हाच प्रवाह.

पहिला उपाय फुकटचा आहे. सगळी यंत्रं एकाच भिंतीवरच्या एकाच सॉकेटमधून, एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. लोड जास्त होईल अशी भीती लोकांना वाटते. दोन पाच इंची मॉनिटर, लॅपटॉप, तानपुरा, कीबोर्ड मिळून 300 वॅटही होत नाहीत. 6 अँपिअरचा साधा सॉकेट 230 व्होल्टवर 1380 वॅट पेलतो. त्या बोर्डवर इस्त्री मात्र कुणी लावता कामा नये.

दुसरा उपाय केबलचा, आणि इथे किमतीपेक्षा जात महत्त्वाची. तुमच्या केबलचा जॅक हातात घ्या आणि धातूच्या दांडीवरच्या काळ्या रेघा मोजा. एकच रेघ असेल तर ती टीएस केबल, गिटारची. दोन रेघा असतील तर टीआरएस. जवळपास सगळ्या इंटरफेसच्या मागच्या मॉनिटर आउटपुटमधून बॅलन्स्ड सिग्नल मिळतो आणि मॉनिटरही तो घेतात. यामाहा एचएस5 सारख्या मॉनिटरला तर एक्सएलआर (तीन पिनांचं गोल) आणि टीआरएस अशी दोन्ही भोकं असतात. मधे टीएस घातली की ही सगळी सोय वाया जाते. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल दोन तारांतून जातो, एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा. वाटेत जो घूं घुसतो तो दोन्ही तारांत सारखाच घुसतो. मॉनिटर या दोघांची वजाबाकी करतो : सिग्नल उरतो, घूं स्वतःमधूनच वजा होऊन जातो. एक्सएलआरमध्ये पिन 1 जाळी, 2 सुलटी, 3 उलटी. स्वतः सोल्डर करता येत असेल तर पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जॅक आणि दोन तारांची शील्डेड केबल सुटी मिळते, आणि नीट बनवलेली अशी केबल महागड्या टीएसपेक्षा केव्हाही सरस.

ही वजाबाकी मॉनिटर मुकाट्याने करतो, समोर काय आलंय ते बघत नाही, हे मला एका फोनमुळे फार जवळून दिसलं. साताऱ्याची एक गाणारी मुलगी, नवीन मॉनिटर आणलेला, सध्या एकच. संध्याकाळी फोन : "सर, तानपुरा येतोय, माझा आवाजच येत नाहीये." हेडफोनवर? "हेडफोनवर येतोय की." मी म्हटलं, केबल कुठून कुठे लावली आहेस ते बोट ठेवून सांग. तिने इंटरफेसच्या पुढच्या हेडफोनच्या भोकातून टीआरएस केबल काढून थेट मॉनिटरला लावली होती. दोन्हीकडे जॅक अगदी बसतो, म्हणून शंका येत नाही. पण हेडफोनच्या भोकात टोकावर डावा आवाज असतो आणि मधल्या रिंगवर उजवा. मॉनिटरने त्यांना बॅलन्स्ड समजून डाव्यातून उजवा वजा केला. तिचा आवाज बरोबर मध्यभागी, दोन्हीकडे सारखा, त्यामुळे तो शून्य झाला. तानपुऱ्याचा ट्रॅक डावी-उजवीकडे पसरलेला होता म्हणून तेवढा उरला. इंटरफेसच्या मागच्या डाव्या आउटपुटमध्ये केबल लावायला सांगितली आणि आवाज परत आला. नंतर दुसरा मॉनिटर आला तो उजव्यात. तेव्हापासून कुणी "गाणं गायब झालं" म्हणालं की मी आधी हेच भोक विचारतो.

आता अर्थिंग, आणि इथे कृपा करून घाई करू नका. घूं घालवायचा म्हणून प्लगची अर्थची जाड पिन तोडायची किंवा तिच्यावर टेप गुंडाळायचा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. घूं जाईलही. पण ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. मॉनिटरच्या आत एखादी तार सुटून धातूच्या अंगाला लागली, तर ती वीज अर्थमधून जाऊन फ्यूज उडवते. पिन तोडली तर ती तुमच्या हाताची वाट बघत बसते, आणि तुमच्या दुसऱ्या हातात माइक असतो. पॉवरच्या बाजूला काही तोडायचं नाही. लूप तोडायचाच असेल तर सिग्नलच्या बाजूला तोडा : इंटरफेस आणि मॉनिटरच्या मधे ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर बसवा. त्यात आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तारेचा संबंध तुटतो. कीबोर्डसाठी हेच काम ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स करतो. त्यावर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे ऑडिओ केबलच्या जाळीचा संबंध तोडणारं, बटण असतं आणि ते दाबणं पूर्ण सुरक्षित आहे.

जुन्या इमारतीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे मागे तिसरी तार आहे असं नाही. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर बोट फिरवलं की झिणझिण्या यायच्या. बोर्ड उघडला तर अर्थच्या भोकामागे काहीच नव्हतं. वायरमनकडून मीटरने तीन मापं घ्या : फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण 230 व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थचा आकडा शंभराच्या आसपास लोंबकळत असेल तर अर्थ नाही. मग स्टुडिओच्या आधी वायरिंगचं काम. यात पैसे जातात, पण माझ्या मते घरच्या स्टुडिओतला सगळ्यात चांगला खर्च हाच.

पंख्याचा रेग्युलेटरही तपासा. अखंड फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापून वेग कमी करतो, आणि त्या कापण्याची घरघर केबलमध्ये शिरते. पंखा पूर्ण वेगावर केला की ती जात असेल तर रेग्युलेटर बदला. कट्कट् करत टप्प्याटप्प्याने फिरणारा, कपॅसिटरवाला घ्या. लाइट गेल्यावर रेकॉर्डिंग इन्व्हर्टरवर चालू ठेवणार असाल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवर सगळं बझ करतं.

घूं गेला की लेव्हल. व्यावसायिक लाइन लेव्हल म्हणजे +4 डीबीयू, साधारण 1.23 व्होल्ट. घरगुती यंत्रांची -10 डीबीव्ही, म्हणजे 0.316 व्होल्ट. चौपटीचा फरक. जेबीएल 305पी सारख्या मॉनिटरच्या पाठीवर यासाठी बटण असतं. इंटरफेसशी जोडताना ते +4 वर ठेवा. -10 वर ठेवलं तर मॉनिटर गरजेपेक्षा जास्त तिखट होतो, सूंऽऽ वाढतो आणि इंटरफेसचा नॉब तुम्हाला अगदी तळाशी ठेवावा लागतो; तिथे कित्येक नॉब डावी-उजवी बाजू सारखी धरत नाहीत. मी नॉब घड्याळाच्या बारा ते दोनच्या दरम्यान ठेवतो आणि तिथे ऐकायला योग्य आवाज येईल असे मॉनिटरच्या पाठीवरचे नॉब कमी करतो. दोन्ही मॉनिटर सारखे आहेत का हे पाहायला पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा सूंऽऽ आवाज) एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वाजवा आणि तुमच्या बसायच्या जागी फोनमधल्या अ‍ॅपवर आकडा बघा. फोनचा आकडा अचूक नसतो, पण दोघांची तुलना करायला पुरतो. एवढ्या खोलीत 75 डेसिबलच्या आसपास काम करा. त्याहून मोठ्याने ऐकलं तर अर्ध्या तासात कान थकतात आणि मिक्स चुकतं.

इनपुटचं थोडक्यात. कंडेन्सर माइकला 48 व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसने केबलमधूनच पुरवलेली वीज, लागते. आधी मॉनिटर बंद, मग माइक लावा, मग फँटम. जुना रिबन माइक कधी हाती आला तर फँटम बंद ठेवा. कीबोर्ड आणि तानपुऱ्याचा लाइन-आउट 6.35 मिलिमीटरच्या भोकात, बटण 'लाइन'वर, 'इन्स्ट'वर नाही, ते गिटारसाठी. गेन (इनपुटचा आवाज किती वाढवायचा तो नॉब) लावताना हळू आलाप गाऊन लावू नका. तुमची सगळ्यात जोरकस तान घ्या आणि मीटर -12 च्या आसपास राहू द्या. 24 बिटवर एवढं अंतर ठेवल्याने काही बिघडत नाही, आणि तार सप्तकात आवाज फाटत नाही. दोनच इनपुट आहेत म्हणून मिक्सर घ्यायचा विचार असेल तर थांबा. तानपुरा आधी वेगळा रेकॉर्ड करा, मग गाणं आणि हार्मोनियम. मिक्सरमध्ये एकदा एकत्र झालेलं नंतर वेगळं करता येत नाही.

गाताना मॉनिटर बंद आणि बंद कपांचा हेडफोन, नाहीतर माइक आणि स्पीकर एकमेकांना ऐकून शीळ घालायला लागतात. आपलाच आवाज उशिरा येतोय असं वाटलं तर ते बफरमुळे, लॅपटॉप आवाज तुकड्यातुकड्याने साठवून पुढे देतो म्हणून. 48 किलोहर्ट्झवर 256 सँपलचा बफर म्हणजे 5.3 मिलिसेकंद, जाताना आणि येताना मिळून दुप्पट, वर यंत्राचा स्वतःचा उशीर. द्रुत तानेत हे नक्की खटकतं. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट हेडफोनला) चालू करा आणि सॉफ्टवेअरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू राहिलं तर आवाज जोडीने, नळीतून आल्यासारखा येतो.

आता वडिलांचा अँप्लिफायर. जरूर वापरा. सत्तर-ऐंशीच्या दशकातला कॉस्मिक किंवा सोनोडाइनसारखा असेल तर आधी तंत्रज्ञाकडून आतले कपॅसिटर तपासून घ्या, इतकी वर्षं पडून ते सुकतात. जोडताना 'ऑक्स' किंवा 'टेप' लिहिलेल्या आरसीए भोकात जोडा. 'फोनो'त नाही, ते तबकड्यांच्या सुईसाठी असतं, तिथे सिग्नल प्रचंड वाढवला जातो आणि सगळं फाटून येतं. ही जोडणी बॅलन्स्ड नसते, म्हणून केबल शक्य तेवढी आखूड. अँप्लिफायर ते स्पीकर मात्र गिटारची केबल अजिबात नको. तिथे प्रवाह मोठा असतो, 1.5 चौरस मिलिमीटरची साधी दुहेरी तांब्याची वायर तीन-चार मीटरला पुरते. लाल लालला, काळी काळीला. एका स्पीकरची जरी उलटी झाली तर खर्ज निघून जातो आणि मधला आवाज डोक्याच्या मागे गेल्यासारखा वाटतो. खुणा पुसल्या असतील तर वायर अँप्लिफायरवरून काढा आणि 1.5 व्होल्टचा पेन्सिल सेल तिच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. मोठा पडदा टप् करून बाहेर आला तर सेलचं धन टोक ज्या तारेला लागलं ती लाल. आत गेला तर उलटं. मी हे करताना पडद्यावर बोटाची पेरं अलगद टेकवून ठेवतो, डोळ्यापेक्षा बोटाला आधी कळतं. आणि एकाच अँप्लिफायरच्या एका बाजूला 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडलेत की भार 4 ओहम होतो. तो अँप्लिफायरला चालतो का ते मागे छापलेलं वाचा. या मोठ्या स्पीकरवर मिक्स करू नका, मिक्स झाल्यावर घरात लोक कसं ऐकतील हे तपासायला ते उत्तम.

शेवटचा सांधा मॉनिटर आणि खोलीचा. 10 फुटांच्या भिंतींमध्ये 56 हर्ट्झच्या आसपास आवाज साचतो, 11 फुटांत 51 च्या. छतही 10 फुटांवर असेल तर 56 आणखी फुगतो. म्हणून कोपऱ्यात मॉनिटर नको. दोन मॉनिटर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण, बाजू साडेतीन ते चार फूट. मॉनिटरचा पुढचा भाग त्याच्या मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर 141 हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, तेवढ्या पट्ट्यात आवाज पातळ होतो. छोट्या खोलीत मी मॉनिटर भिंतीच्या जवळच ठेवतो आणि फुगलेला खर्ज पाठीवरच्या रूम कंट्रोलने -2 वर आणतो. मागच्या कोपऱ्यांत गाद्यांची वळकटी किंवा जाड गोधड्यांचा ढीग उभा करा. अंड्यांचे ट्रे चिकटवून खर्ज कमी होत नाही.

आणि तुम्ही जमिनीवर बैठक मारून काम करणार असाल, तर टेबलाच्या उंचीवरचे मॉनिटर तुमच्या डोक्यावरून बोलतात. मांडी घातल्यावर कान जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर येतात. मॉनिटरचा वरचा छोटा स्पीकर, ट्वीटर, त्या उंचीला आणा, बुटक्या स्टुलावर ठेवून, खाली रबराचे तुकडे घालून.

चालू करताना मॉनिटर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. लाइट गेली तर पहिल्यांदा मॉनिटरचं बटण बंद करायचं, कारण ती परत येते तेव्हा सगळी यंत्रं एकदम जागी होतात आणि तो धप्प आवाज ट्वीटरला सोसत नाही.

आज रात्री एवढं करून बघा आणि मला तीन गोष्टी कळवा : केबलवर किती काळ्या रेघा आहेत, चार्जर काढल्यावर घूं गेला का, आणि वायरमन आला की न्यूट्रल-अर्थमध्ये मीटरने किती दाखवलं. सगळं एका बोर्डवर घेऊनही घूं राहिला तर तानपुऱ्याचा अडॅप्टर एकटाच काढून ऐका, माझा पुढचा संशय त्याच्यावर आहे.